‘मॅडम, तुम्ही निघा आता’: वाळूजच्या एका प्रेस शॉपमधलं प्रकरण

1985 मध्ये बजाजचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आला आणि त्याच्या मागोमाग पत्रा ठोकून सुटे भाग बनवणारी प्रेस शॉप्स गल्लोगल्ली उभी राहिली. ब्रॅकेट, क्लॅम्प, चेन कव्हर, स्टँडच्या पट्ट्या. गाडी विकत घेणाऱ्याला ज्यांचं नावही माहीत नसतं, अशा वस्तू. त्यातल्याच एका कारखान्याचं हे प्रकरण. मालकी एका कुटुंबाची, दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्मी कंत्राटदाराची. आज तिथे प्लँट हेडच्या खुर्चीत एक बाई आहेत.

सुपरवायझरांच्या प्रशिक्षण वर्गात मी हे प्रकरण चर्चेला घेतो. माणसं आणि कारखाना ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. बाईंना ‘मॅडम’ एवढंच म्हणू, कारखान्यातही सगळे तेच म्हणतात.

वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो. मॅडमना त्रास कोणी दिला? लोकांना एखादा वाईट साहेब हवा असतो, टोमणे मारणारा, फाइल अडवणारा. तसा कोणी सापडत नाही. तेरा वर्षं मॅडमची वाट अडली ती भल्या माणसांच्या काळजीने, आणि काळजीची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

डिप्लोमा डायचा, खुर्ची क्वालिटीची

मॅडम पैठण तालुक्यातल्या. वडील पाटबंधारे खात्यात, जायकवाडीच्या कालव्यावर नोकरीला. दहावीनंतर मुलीने चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगच्या डिप्लोम्याला प्रवेश मिळवला. डाय म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. एमआयडीसीत ह्या कागदाला वजन आहे. पोरं आधी फाइल हातात धरून लोखंडाचा ठोकळा काटकोनात आणायला शिकतात, तळहाताला फोड येतात, मग मिलिंग, ग्राइंडिंग, शेवटी डाय जुळवणं. त्यांच्या बॅचमध्ये मुली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

2006 मध्ये त्या ह्या कारखान्यात मुलाखतीला आल्या तेव्हा टूल रूममध्ये, म्हणजे डाय बनवायच्या-दुरुस्त करायच्या विभागात, माणूस हवाच होता. साहेबांनी कागद पाहिले, खूश झाले आणि म्हणाले, “क्वालिटीत घेऊ तुम्हाला.” कारण साधं होतं. टूल रूम दोन पाळ्यांत चालायची आणि डाय मोडली की रात्रभर. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 66 प्रमाणे स्त्रियांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ह्या वेळेबाहेर कारखान्यात कामाला ठेवता येत नव्हतं. राज्य सरकारला वेळ थोडी सैल करता यायची, पण रात्री 10 ते पहाटे 5 ह्या तासांना त्यातही हात लावता येत नव्हता. म्हणजे पहिली पाळी किंवा जनरल. डाय मेकरला हे कसं चालणार?

क्वालिटीची नोकरी वाईट नव्हती. एसी खोली, व्हर्निअर, हाइट गेज, चेकिंग फिक्स्चर, ग्राहकाकडून, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून, तक्रार आली की तिचा एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल. मॅडम ते काम चोख करायच्या. पण प्रेस शॉपची एक रीत आहे. क्वालिटीवाला माल अडवतो, प्रॉडक्शनवाला माल काढतो, आणि मालकाच्या डोळ्यात भरतो तो माल काढणारा. प्लँट हेड नेमायची वेळ आली की मालक विचारतो, “रात्री लाइन थांबली तर हा काय करील?” ज्याला रात्री कधी बोलावलंच नाही त्याच्याबद्दल ह्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं.

एमआयडीसीत बायका कमी आहेत असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. असेंब्लीच्या बाकांवर आहेत, स्टोअर्समध्ये, अकाउंट्समध्ये, एचआरला आहेत. संचालक म्हणूनसुद्धा आहेत. खासगी कंपन्यांच्या आणि भागीदारी फर्मच्या कागदांवर मालकाच्या बायकोचं किंवा आईचं नाव हमखास सापडतं. सहीसाठी कागद घरी जातात, चहाबरोबर सही होते. जिथून माल निघतो आणि जिथे पैसा ठरतो त्या मधल्या जागांवर मात्र शोधावं लागतं.

काळजीचा हिशेब

सहा वाजले की सुपरवायझर म्हणायचा, “मॅडम, तुम्ही निघा आता, आम्ही बघतो ना.” ग्राहकाच्या लाइनवर भोक जुळत नसलेला ब्रॅकेट सापडला आणि माल निवडायला माणसं पाठवायची वेळ आली की जीपमध्ये पुरुष बसायचे. पुण्याला ग्राहकाच्या ऑडिटला जायचं झालं की परतायला रात्र होईल म्हणून मॅडमचं नाव गळायचं. 2011 मध्ये मुलगी झाली. तेव्हा बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांची होती, ती संपवून त्या परत आल्यावर तर सगळ्यांनी मिळून त्यांना अगदी जपायचं ठरवलं. मनापासून.

रात्रीचे फोन त्यांच्या हाताखालच्या मुलाला जायचे. चुणचुणीत पोरगा, गंगापूर तालुक्यातला. रात्री एकला ग्राहकाच्या लाइनवर उभा राहून तो शिव्या खायचा, पहाटे माल निवडून द्यायचा, सकाळी तिथल्याच कँटीनला चहा प्यायचा. दोन-तीन वर्षांत ग्राहकाकडच्या लाइन सुपरवायझरपासून खरेदीच्या साहेबापर्यंत सगळे त्याला नावाने ओळखू लागले. मॅडमना ते ओळखायचे ईमेलवरून.

2016 मध्ये प्रॉडक्शन मॅनेजरची जागा रिकामी झाली. ती त्या मुलाला मिळाली. मॅडमनी मालकांना, म्हणजे शेठना, विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, “तुमच्याबद्दल प्रश्नच नाही मॅडम. पण रात्री दोनला फोन आला तर तुम्हाला उठवायचं कसं? आम्हालाच बरं वाटत नाही. आणि कस्टमर त्यालाच ओळखतो.”

दुसरं वाक्य पहिल्यातून निघालं आहे, हे शेठच्या लक्षात आलं नाही. ग्राहक त्यालाच ओळखतो, कारण रात्री त्यालाच पाठवलं. दर वेळी मॅडमना घरी पाठवताना एक-एक अनुभव त्यांच्या खात्यातून त्याच्या खात्यात जमा होत गेला आणि दहा वर्षांनी शिल्लक पाहून निकाल लागला.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगितली की माणसं गप्प होतात. 2015 मध्ये महाराष्ट्राने कारखाने अधिनियमात दुरुस्ती केली होती. सुरक्षिततेची हमी आणि घरापर्यंत वाहन अशा अटी पाळून स्त्रियांना रात्रपाळीत काम देता येऊ लागलं होतं. म्हणजे 2016 मध्ये कायद्याचं कारण उरलंच नव्हतं. पण शेठनी, एचआरने, मॅडमनी स्वतः, कोणीच तो मुद्दा काढला नाही. दहा वर्षांत कायद्याची सवय होऊन बसली होती आणि सवयीला राजपत्रातली दुरुस्ती समजत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांची रात्रपाळी देशभर मोकळी केली आहे. ह्या कारखान्याच्या अनुभवावरून सांगतो, तेवढ्याने फार हलेल अशी आशा मी धरत नाही.

बीएस-सिक्सने उघडलेलं दार

मॅडमचं नशीब धोरणाने बदललं नाही, धुराड्याने बदललं. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे कडक निकष पाळणाऱ्या, गाड्याच विकायच्या, असं ठरलं होतं. दुचाकीत कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन येणार, सेन्सर वाढणार, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलणार. प्रत्येक नव्या वस्तूला धरून ठेवायला नवा ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला नवी डाय. 2019 मध्ये वाळूजच्या टूल रूम्सना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नेमका तेव्हाच ह्या कारखान्याचा टूल रूम हेड जास्त पगारावर चाकणला गेला आणि पाठोपाठ तो प्रॉडक्शन मॅनेजरही गेला.

डायचं ड्रॉइंग वाचता येणारं माणूस आता कारखान्यात एकच उरलं होतं, आणि ते क्वालिटीच्या एसी खोलीत बसलेलं होतं.

शेठनी विचारलं तेव्हा मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. दोन गोष्टी मागितल्या. पहिली, रात्री उशिरा थांबणाऱ्या कुठल्याही बाईसाठी, फक्त आपल्यासाठी नाही, कंपनीची जीप घरापर्यंत, आणि हे लेखी. दुसरी गोष्ट शेठना क्षुल्लक वाटली. गेटवरच्या केबिनमध्ये आणि ग्राहकाच्या लाइनवर एस्कलेशनचा तक्ता लावलेला असतो: माल अडला तर आधी कोणाला फोन, अर्ध्या तासात उत्तर नाही आलं तर कोणाला. त्या तक्त्यात डेव्हलपमेंटच्या, म्हणजे नव्याने तयार होत असलेल्या, सगळ्या पार्टसाठी पहिला नंबर माझा पाहिजे, दिवस असो की रात्र.

पदनाम, पगार, खोली असलं काही त्या टप्प्यावर मागितलं नाही. माझ्या मते सबंध प्रकरणातला सगळ्यात हुशारीचा निर्णय हा. अधिकार मागितला असता तर शेठनी विचार करायला वेळ घेतला असता. मॅडमनी त्रास मागितला, आणि त्रास द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

घरची बाजूही सोपी नव्हती. नवरा दुसऱ्या कंपनीत, महिन्यातला एक आठवडा तोही रात्रपाळीला. सासूबाई गावाकडून येऊन राहिल्या म्हणून जमलं. बजाजनगरमध्ये रात्री एकला कंपनीची जीप दारात थांबली की समोरचा पडदा सरकतो. तो बरेच दिवस सरकत राहिला.

फाटणारा कोपरा

एका रात्रीचं काम बारकाईने सांगण्यासारखं आहे. सायलेन्सरच्या माउंटिंगचा एक ब्रॅकेट होता, मधोमध वाटीसारखा खोलगट भाग असलेला. 250 टनी प्रेसवर डायची ट्रायल चालू होती. सकाळी ग्राहकाला सँपल द्यायचे होते आणि रात्री अकराला प्रत्येक तुकडा वाटीच्या एकाच कोपऱ्यात फाटत होता. आधी केसासारखी रेघ, हात फिरवला की नखाला अडणारी, पुढच्या तुकड्याला सरळ चीर.

डाय सेटर कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. सगळे त्याला मामा म्हणतात. मामाने ब्लँक होल्डरचा, म्हणजे पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या भागाचा, दाब कमी केला. चीर थांबली, पण कडेला पत्र्याच्या सुरकुत्या आल्या. दाब वाढवला, सुरकुत्या गेल्या, चीर परत. मामाचं मत ठरलं: कोपऱ्याचा रेडियस, म्हणजे गोलाई, घासून वाढवू, पत्रा सरकायला जागा होईल. “मॅडम, कशाला ताण घ्यायलात? तुम्ही जा घरी, सकाळी तयार दिसंल तुम्हाला.”

क्वालिटीत असत्या तर मॅडमनी त्या तुकड्यावर लाल टॅग लावून विषय संपवला असता. आता तुकडा बरा करून देणं त्यांच्यावर होतं. त्यांनी मामाला थांबवलं. घासलेलं पोलाद परत भरून येत नाही, आणि रेडियस बदलला तर पार्ट ड्रॉइंगबाहेर जाणार. आधी पत्रा बघू, म्हणाल्या. मायक्रोमीटरने जाडी तपासली, बरोबर होती. मग शीटच्या बंडलपाशी गेल्या आणि तारेला अडकवलेला टॅग टॉर्चच्या उजेडात वाचला. ड्रॉइंगमध्ये ईडीडी ग्रेडचा पत्रा मागितला होता, खोल ओढल्यावरही न फाटणारा. बंडल होतं डी ग्रेडचं. जाडी तीच, चकाकी तीच, म्हणून स्टोअर्सने शिल्लक माल काढून दिला होता.

स्टोअर्सवाल्याला झोपेतून उठवलं, बरोबर बंडल काढलं. तीच डाय, तोच दाब. तुकडा साफ निघाला. मामाने तो उलटा करून कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “मायला, पत्राच दुसरा हाय की.”

मामा त्यानंतर बदलला, पण लोकांना वाटतं तसा भक्त वगैरे झाला नाही. डाय बसवण्याच्या बाबतीत तो आजही मॅडमशी वाद घालतो. फरक एवढाच की सहा वाजता घरी जा म्हणणं त्याने सोडलं. उलट डाय अडली की तोच फोन करतो आणि पलीकडून उचलायला उशीर झाला तर चिडतो.

फोन न उचलणारा मालक

2020 साल वाळूजने कसं काढलं ते इथल्या माणसांना सांगायला नको. मार्चमध्ये सगळं बंद, नंतर जेमतेम चालू, पुन्हा 10 ते 18 जुलै कडक टाळेबंदी. कंत्राटी कामगार गावाकडे गेलेले. त्या काळात मोजक्या माणसांवर कुठला पार्ट कधी ठोकायचा ह्याचं गणित मॅडम करत होत्या, आणि ते बरोबर येत होतं. 2021 मध्ये प्रॉडक्शनची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ती देताना कोणी भाषण केलं नाही. काम आधीच त्यांच्याकडे होतं, पाटी नंतर लागली.

पण पाटी लागल्यावर दुसरा घोळ सुरू झाला. सुपरवायझर मॅडमना डावलून थेट शेठना फोन करायचे. ओव्हरटाइम हवा, कंत्राटदार बदलायचा, कोणाला सुट्टी द्यायची. शेठ सवयीने उत्तर द्यायचे. प्रत्येक उत्तराबरोबर मॅडमचं पद थोडं पोकळ व्हायचं. मॅडमनी शेठना एकच सांगितलं: तुम्ही निर्णय देऊ नका, फक्त “मॅडमना विचारलं का?” एवढं विचारा. शेठना हे जमायला बरेच महिने लागले. इतकी वर्षं ज्या माणसाने स्वतःच्या हाताने धंदा उभा केला त्याला वाजणारा फोन तसाच ठेवणं किती जड जातं, ते मी इतर कारखान्यांतही पाहिलं आहे. ह्या प्रकरणात शेठचं सगळ्यात मोठं योगदान कोणतं, असं मला विचारलं तर मी न उचललेले फोन म्हणेन.

ह्याच काळात एक न दिसणारं ओझं वाढलं. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तिची अध्यक्ष वरच्या पदावरची स्त्री असावी लागते. कारखान्यात वरच्या पदावर स्त्री एकच. ज्या सुपरवायझरकडून सकाळी माल काढून घ्यायचा, त्याच्याविरुद्धची तक्रार दुपारी ऐकायची, हे त्यांच्या वाट्याला आलं. पुरुष मॅनेजरच्या दिवसात हे तास नसतात.

जिथे मला मॅडमचं पटत नाही

2023 मध्ये त्या प्लँट हेड झाल्या. त्यांनी लहान प्रेसवर आणि टूल रूममध्ये मुली घ्यायला सुरुवात केली, आयटीआय आणि डिप्लोमावाल्या. नियम कडक ठेवला: ट्रेनी मुलगी असो की मुलगा, पहिल्या वर्षातच दुसरी पाळी करायची, सवलत नाही. स्वतःच्या अनुभवातून आलेला नियम. “मला जे मिळालं नाही ते ह्यांना पहिल्याच दिवशी मिळालं पाहिजे.”

बिडकीनच्या बाजूने येणाऱ्या दोन मुलींनी नोकरी सोडली. जीप होती, पण रात्री बाराला मुख्य रस्त्यापासून वस्तीपर्यंतचा कच्चा रस्ता होता, तिथे जीप जात नव्हती, आणि घरच्यांनी नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, एकीला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल, मग परत सगळ्या क्वालिटीत. त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी दुसरी पाळी सहा महिने पुढे ढकलली असती तर त्यातली एक तरी टिकली असती, असं मला वाटतं. काळजीच्या नावाखाली अडवणं वेगळं आणि रस्ता नाही म्हणून वेळ देणं वेगळं. ज्यांनी आयुष्यभर पहिल्याचा काच सोसला त्यांना दुसऱ्यातही तोच वास येतो. वर्गात ह्यावर कडाक्याचं भांडण होतं. मुली बहुतेक मॅडमच्या बाजूने असतात, हेही नोंदवतो.

नाव कोणाचं, सही कोणाची

प्लँट हेड झाल्यावर शेठनी कारखान्याच्या परवान्यावर ‘मॅनेजर’ म्हणून मॅडमचं नाव टाकायचं ठरवलं. ऐकायला मान वाटतो. तेव्हाच्या कारखाने अधिनियमात ऑक्युपायर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो, आणि मॅनेजर ही दोन पदं जबाबदारीची होती. अपघात झाला, इन्स्पेक्टर आला, खटला उभा राहिला तर नावं ह्या दोघांची. प्रेस शॉपमध्ये अपघात म्हणजे बहुतेक वेळा बोटं. वाळूजमध्ये असा पंजा दाखवणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

तोवर शेठचा मुलगा शिकून परत आला होता आणि खरेदीच्या सह्या त्याच्याकडे गेल्या होत्या. मॅडमना एका ठरावीक रकमेच्या वर काही घ्यायचं तर त्याची मंजुरी लागायची. म्हणजे मशीनला गार्ड नाही म्हणून हात गेला तर कोर्टात मॅडम, आणि गार्ड घ्यायचा की नाही हे ठरवणार दुसराच.

मॅडमनी फॉर्मवर सही केली नाही. जुन्या प्रेसची यादी केली: कुठे दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, कुठे लाइट कर्टन आहे, म्हणजे हात आत गेला की मशीन आपोआप थांबवणारा किरणांचा पडदा, आणि कुठे काहीच नाही. ती यादी मुलाच्या टेबलावर ठेवली. सुरक्षिततेच्या खरेदीला रकमेची मर्यादा नको, माझी सही पुरे, आणि हे बोर्डाच्या ठरावात लिहा, मग मी फॉर्मवर सही करते.

मुलगा आधी नाराज झाला, ह्यात अविश्वास आहे म्हणाला. शेठनी मध्ये पडून ठराव करून दिला, पण मर्यादा पूर्ण काढली नाही, वाढवून दिली. बहुतेक प्रेसना कर्टन बसले. दोन जुन्या प्रेस अशा आहेत की त्यांचा क्लचच बदलावा लागतो, कारण सध्याचा क्लच एकदा लागला की स्ट्रोक मधे थांबतच नाही आणि कर्टन लावून उपयोग नसतो. तो खर्च वाढीव मर्यादेतही बसत नाही. मॅनेजर म्हणून सही केल्यावर मॅडमनी पहिलं काम केलं ते त्या दोन्ही प्रेसचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्याचं. त्यांच्यावरचे पार्ट सध्या बाहेर जॉब वर्कला जातात, ते महाग पडतं, आणि दर महिन्याच्या बैठकीत मुलगा तो आकडा काढतो. मॅडम क्लचचं कोटेशन पुढे सरकवतात.